24 सेंटिमीटरचे चित्र भिंतभर करावे का? आधुनिक चित्रांच्या प्रतिकृती आणि त्यांच्या चौकटी

निळाई

आमच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यामागच्या भिंतीवर गेली चार वर्षे वासिली कान्दिन्स्की यांच्या एका चित्राची प्रतिकृती आहे. चौकोनांमध्ये समकेंद्री वर्तुळे असलेले ते चित्र बहुतेकांच्या पाहण्यात असेल. आमची प्रत कॅनव्हासवर छापून लाकडी सांगाड्यावर ताणलेली आहे आणि तिची रुंदी जवळजवळ दीड मीटर आहे. ती घेताना मी भिंतीचे माप काळजीपूर्वक घेतले होते. चित्राचे माप पाहावे हे मात्र मनातही आले नव्हते.

गेल्या महिन्यात एका चित्रसंग्रहात त्या चित्राखालची बारीक अक्षरांतील ओळ वाचली. साल 1913. कागदावर जलरंग, गॉश (अपारदर्शक जलरंग) आणि रंगखडू. माप सुमारे 24 × 32 सेंमी. मूळ चित्र म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. म्हणजे जे मी चार वर्षे भव्य चित्र समजत होते, ते प्रत्यक्षात चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढे आहे. आणि तेही रंग शेजारीशेजारी ठेवल्यावर एकमेकांशी कसे वागतात हे पाहण्यासाठी केलेला अभ्यास आहे. त्या दिवशी स्टुलावर उभे राहून आमची प्रत अगदी जवळून न्याहाळली. मुळात जिथे खडूचा कण कागदाच्या खरखरीत पृष्ठभागात अडकला असेल, तिथे आमच्याकडे बोटाएवढा धुरकट डाग आहे. जलरंग सुकताना कडेला जी गडद रेघ उमटते, तिचा इथे पट्टा झाला आहे. आणि या सगळ्यातून कॅनव्हासची वीण डोकावते, जी मूळ चित्रात असण्याचा प्रश्नच नाही. त्यानंतर ते चित्र मला पूर्वीसारखे पाहता आलेले नाही.

ती प्रत उतरवून त्या जागी दुसरी, नीट चौकटीत बसवलेली प्रतिकृती लावायची आहे. मनात मोंद्रियान, रोथ्को आणि पाउल क्ले हे तिघे आधुनिक चित्रकार आहेत. प्रतिकृती मूळ चित्राएवढीच असावी का, कागदावर घ्यावी की कॅनव्हासवर, काच लावावी की नाही, आणि त्या भिंतीवर दुपारनंतर खिडकीतून तिरके ऊन येते त्याचे काय करावे, याबद्दल ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

सावली

निळाई, तुम्हाला जे खटकले ते बारकाईने पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी खटकतेच. आपण आधुनिक चित्रकला पुस्तकांतून आणि पडद्यावरून शिकलो, आणि तिथे सगळी चित्रे एकाच मापाची होऊन येतात. पिकासोंचे ‘गेर्निका’ सुमारे 3.5 मीटर उंच आणि 7.8 मीटर रुंद आहे, तर साल्वादोर दाली यांचे वितळत्या घड्याळांचे 1931मधील चित्र 24 × 33 सेंमी, म्हणजे तुमच्या कान्दिन्स्कींएवढेच. पुस्तकात दोन्ही तळहाताएवढी दिसतात. दालींनी ती घड्याळे एवढ्याशा जागेत इतक्या बारकाईने रंगवली, हाच त्या चित्राचा अर्धा परिणाम आहे. बघणाऱ्याला वाकून जवळ यावे लागते. तेच चित्र दीड मीटरचे केले की वाकण्याची गरज संपते आणि त्याबरोबर चित्रातली ती गुप्त कुजबुजही संपते.

तुमच्या यादीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रोथ्कोंची मोठी तैलचित्रे घरासाठी घेऊ नयेत. त्यांचे 1961मधील नारिंगी, लाल आणि पिवळ्या पट्ट्यांचे प्रसिद्ध चित्र सुमारे 236 × 206 सेंमी आहे, म्हणजे दारापेक्षा उंच. मोठी चित्रे आपण भव्यतेसाठी काढत नाही, जवळीक साधण्यासाठी काढतो, अशा अर्थाचे त्यांनी 1951मध्ये जाहीरपणे सांगितले होते. माणूस त्या रंगासमोर उभा राहिला की रंगाने त्याला वेढून टाकावे, ही त्यांची अपेक्षा होती. 50 सेंमीच्या प्रतीत हे वेढणे होत नाही. तीन रंगांचा एक सुखद नमुना उरतो. रोथ्को हवेच असतील तर त्यांनी कागदावर केलेली चित्रे शोधावीत. ती पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही घरातल्या भिंतीला सहज पेलणारी आहेत.

क्ले मात्र घरासाठीच जन्मलेला चित्रकार वाटावा असा आहे. ‘सेनेसिओ’ हा 1922मधला गोल चेहरा साधारण 40 × 38 सेंमी, त्याच वर्षीचे तारेवर बसलेल्या यांत्रिक पक्ष्यांचे चित्र साधारण 64 × 48 सेंमी, कपाळावर पक्षी असलेली 1928ची मांजर 38 × 53 सेंमी. यांपैकी कुठलेही चित्र मूळ मापात छापून, भोवती कोरा कागद सोडून, चौकटीत बसवता येते.

ओसरी

सावली यांचे म्हणणे पटते, पण पूर्ण नाही, म्हणून लिहितो.

घर हे संग्रहालय नव्हे. मी लहान असताना आमच्या जिन्यातल्या भिंतीवर व्हॅन गॉग यांच्या ‘तारांकित रात्री’ची वहीएवढी प्रत होती. ती कुठल्या तरी मासिकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली होती आणि तिचा निळा रंग बहुधा साफ चुकीचा होता. रोज वरखाली करताना त्या वळणावळणांच्या आकाशाशी माझी जी ओळख झाली, ती मूळ चित्र 74 × 92 सेंमी आहे हे माहीत असण्याने जास्त पक्की झाली नसती. व्हॅन गॉग स्वतः खोलीच्या भिंतींवर जपानी मुद्राचित्रे टाचून ठेवत. 1887मध्ये त्यांनी हिरोशिगे यांच्या छापील चित्रांवरून तैलरंगात चित्रे केली. ती करताना त्यांनी मूळ माप पाळले नाही, रंग पाळले नाहीत, आणि भोवती जपानी अक्षरांच्या पट्ट्या काढल्या.

आणखी एक उदाहरण चित्रकार मातिस यांचे. त्यांच्या 1947च्या ‘जॅझ’ या संग्रहातली 20 चित्रे मुळात रंगवलेला कागद कात्रीने कापून आणि चिकटवून केलेली होती. छापताना प्रत्येक रंगासाठी पत्र्याचे साचे कापून त्यातून त्याच प्रकारचे गॉश रंग हाताने भरले गेले. म्हणजे आपण जिला ‘जॅझ’ म्हणतो ती जन्मतःच प्रत आहे. मग माप आणि माध्यम यांचा इतका कठोर हिशेब कशासाठी करायचा?

सावली

ओसरी, उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. ‘जॅझ’ छापून हातात आल्यावर मातिस स्वतः निराश झाले होते. रंग तेच होते, आकारही तेच होते, पण कागदावर कागद चिकटवल्याने येणारा थर, कापलेल्या कडेची ती किंचित उचललेली धार, हे सारे सपाट झाले आणि त्याबरोबर कामातली संवेदना गेली, असे त्यांना वाटले. चित्रकाराच्या देखरेखीखाली, त्याच रंगांनी, हाताने केलेल्या प्रतीची ही गोष्ट आहे. आपल्या प्रतींत काय काय गळत असेल याचा अंदाज त्यावरून करावा. मी प्रत लावू नका असे म्हणत नाही. माझ्याही घरात तीन आहेत. जे गळणार आहे ते कमीत कमी असेल असे चित्र निवडा, एवढेच माझे सांगणे आहे. तुमच्या जिन्यातल्या प्रतीने स्वतःला मोठे भासवले नव्हते. ती मासिकाचे पान म्हणूनच तिथे होती, आणि म्हणून ती खरी होती.

ठिपका

मी छपाईच्या आधीच्या रंगकामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून कागद आणि शाईपुरते लिहितो.

बाजारात ‘फाइन आर्ट प्रिंट’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे ऑफसेटवर छापलेले पोस्टर. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शायांचे ठिपके ठरावीक कोनांत मांडून ते छापले जाते. दहापट मोठे दिसणारे साधे भिंग त्यावर ठेवले की ठिपक्यांच्या फुलासारख्या नक्ष्या लगेच दिसतात. दुसरी वस्तू इंकजेटवर छापलेली प्रत. तिला ‘जिक्ले’ असे फ्रेंच वळणाचे नाव 1991मध्ये अमेरिकेतील एका छपाईकाराने दिले. नोझलमधून शाई फवारली जाते त्यावरून ते आले. तिच्यात चाराऐवजी आठ, दहा किंवा बारा शाया असतात आणि भिंगाखाली नियमित नक्षी दिसत नाही, धुळीसारखे विखुरलेले बारीक कण दिसतात. मात्र ‘जिक्ले’ हा शब्द कोणीही वापरू शकतो, त्यामागे कसलेही बंधन नाही. विचारायचे प्रश्न दोनच. शाई रंगद्रव्याची आहे की विरघळणाऱ्या रंगाची? आणि कागद सुती, आम्लमुक्त आहे का? रंगद्रव्याच्या शाईत रंगाचे घन कण असतात, त्यामुळे ती उजेडात कितीतरी अधिक टिकते. कागद अतिशय शुभ्र, किंचित निळसर पांढरा दिसत असेल तर त्यात उजळपणा आणणारी द्रव्ये घातलेली असण्याची शक्यता मोठी. काही वर्षांत त्यांचा प्रभाव ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. क्लेसारख्या चित्रकारासाठी तर नैसर्गिक, जरा उबदार पांढरा कागदच हवा.

निळाई यांच्या डागांचे कारण फाइलमध्ये आहे. 60 × 75 सेंमीची प्रत इंचाला 300 बिंदू या घनतेने छापायची, तर फाइल साधारण 7087 × 8858 पिक्सेलची लागते. दोन मीटरवरून पाहायच्या प्रतीला निम्मी घनता चालून जाते. त्याखाली गेले की यंत्र मधल्या जागा अंदाजाने भरते, आणि तो अंदाज म्हणजेच बोटाएवढा धुरकट डाग. तुमच्या प्रतीची फाइल बहुधा एका पुस्तकाच्या पानावरून घेतलेली असावी.

छापताच येत नाहीत असे रंगही आहेत. क्लिम्त यांच्या 1908च्या सुमाराच्या ‘चुंबन’ या चित्रात सोन्याचा वर्ख आहे. आपण दोन पावले सरकलो की तो उजळतो आणि विझतो. छपाईत त्याचे पिवळट तपकिरी होते आणि ते कुठूनही तसेच दिसते. शिवाय मूळ चित्र 180 × 180 सेंमीचा नेमका चौरस आहे, आणि बाजारातल्या निम्म्या प्रती उभ्या आयतात बसाव्यात म्हणून दोन्ही बाजूंनी कापलेल्या असतात. चित्रकार ईव्ह क्लाइन यांचा खास निळा तर चार शायांच्या आवाक्याबाहेरच आहे. रंगद्रव्याची कोरडी मखमल टिकेल असे बंधकद्रव्य (रंगाचे कण धरून ठेवणारे द्रव्य) त्यांनी मुद्दाम वापरले होते. अशा चित्रांची प्रत घेऊ नये, असे मी छपाईवाला असूनही सांगेन.

मोंद्रियान छापायला सर्वांत सोपे असा समज आहे. तो चुकीचा आहे. झुरिकच्या संग्रहालयातले 1930चे लाल, निळे आणि पिवळे चित्र सुमारे 46 सेंमीचा चौरस आहे. त्यातल्या काळ्या रेघा एका जाडीच्या नाहीत, आणि पांढऱ्या जागांत ब्रशच्या फटकाऱ्यांच्या दिशा वेगवेगळ्या आहेत. स्वस्त प्रतींमध्ये कोणीतरी संगणकावर हे चित्र नव्याने आखलेले असते: सरळ रेघा, एकसारखा पांढरा, शुद्ध लाल. ती प्रतिकृती नव्हे, तो आराखडा झाला. घेण्यापूर्वी पांढरा भाग मोठा करून पाहा. त्यात फटकारे दिसले नाहीत तर घेऊ नका.

चौकट

माझा व्यवसायच फ्रेम करण्याचा आहे. वरच्या प्रतिसादांतून कागदावरची प्रत हे ठरत चालले आहे असे धरून पुढचे लिहितो.

कागदाच्या प्रतीला माउंट आणि काच हवीच. माउंट म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला जाड बोर्ड. त्याचे पहिले काम शोभेचे नाही. काच कागदाला टेकू नये, मध्ये हवेची पोकळी राहावी, हे त्याचे काम आहे. हवेतला ओलावा काचेच्या आतल्या बाजूला धरतो आणि कागद काचेला टेकलेला असेल तर शाई काचेला चिकटते. मग ती सोडवताना शाईचा थर काचेबरोबर निघून येतो. माउंट नको असेल तर काच आणि कागद यांच्यामध्ये काठावर पातळ पट्ट्या घालून ही पोकळी ठेवता येते.

बोर्ड कोणता, हे डोळ्यांनी ओळखायला शिका. खिडकीचा काप 45 अंशांत तिरपा असतो, त्यामुळे बोर्डाचा आतला गाभा एका बारीक पांढऱ्या रेषेसारखा दिसतो. जुन्या फ्रेम उघडायला येतात तेव्हा मी सगळ्यांत आधी ही रेषा पाहतो. ती तपकिरी झालेली असेल तर बोर्ड साध्या लाकडाच्या लगद्याचा आहे, त्यातून आम्ल सुटते आहे. आणि बोर्ड उचलला की चित्रावरही खिडकीच्या कडेने तशीच तपकिरी चौकट उमटलेली सापडते. ती पुन्हा निघत नाही. म्हणून बोर्ड आम्लमुक्त हवा, आणि प्रतीच्या मागे लावायचा पुठ्ठाही तसाच हवा. पुढे उत्तम बोर्ड आणि मागे साधा हार्डबोर्ड अशी फ्रेम मी कितीतरी वेळा उघडली आहे.

प्रत बोर्डाला पूर्ण चिकटवू देऊ नका. गरम दाबाने चिकटवली की ती कायमची बोर्डाचा भाग होते. वरच्या काठाला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायच्या आणि प्रत त्यांवर लटकती ठेवायची. कागद हवेप्रमाणे फुगतो आणि आकसतो. त्याला हलायला जागा राहिली नाही की तो लाटांसारखा उठतो. चिकटपट्टी तर मुळीच नको. तिचा गोंद काही वर्षांत कागदात मुरतो आणि पुढच्या बाजूने तेलकट डाग दिसतो.

माउंटची रुंदी हा या धाग्याच्या मूळ प्रश्नाशी थेट जोडलेला मुद्दा आहे. मोठ्या भिंतीवर छोटे चित्र हरवेल, ही भीती मला रोज ऐकू येते, आणि त्या भीतीपोटीच माणसे चित्र मोठे करून घेतात. चित्र वाढवू नका, भोवतीची शांतता वाढवा. 40 सेंमीच्या क्लेला वर आणि बाजूंना 12 सेंमी, खाली 14 सेंमी माउंट द्या. फ्रेम धरून बाहेरचे माप सत्तर सेंमीच्या घरात जाते आणि भिंतीला पुरते. खाली थोडे जास्त सोडायचे कारण असे की चारी बाजू समान ठेवल्या तर चित्र डोळ्याला खाली घसरल्यासारखे दिसते. माउंटचा रंग चित्रातल्या लाल-निळ्याशी जुळवायला जाऊ नका. प्रतीच्या कागदाच्या पांढऱ्यापेक्षा किंचित गडद पांढरा घ्या. आणि प्रतीच्या चारी कडा माउंटखाली दडपू नका. क्ले आपली कागदावरची चित्रे बऱ्याचदा पुठ्ठ्यावर चिकटवत आणि खाली शीर्षक व साल हाताने लिहीत. ती ओळ कापलेली प्रत मला अपुरी वाटते.

चौकटीच्या पट्टीबद्दल एवढेच सांगेन की आधुनिक चित्रकारांनी चौकटीचा विचार आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक केला होता. सोनेरी, कोरीव चौकटींना विरोध म्हणून इम्प्रेशनिस्टांनी पांढऱ्या चौकटी वापरल्या. ठिपक्यांनी चित्रे रंगवणाऱ्या सोराने चित्राच्या कडेला ठिपक्यांचीच किनार रंगवली. व्हॅन गॉग यांनी 1887च्या एका फळांच्या चित्राची चौकट स्वतः पिवळी रंगवली, आणि ती आजही आम्स्टरडॅमला त्या चित्रासह आहे. मोंद्रियान यांनी तर चौकट उलटी केली. नेहमीच्या चौकटीत चित्र आत, खोल बसते. त्यांनी ते मागच्या पट्टीवर पुढे आणून बसवले, म्हणजे चित्र खिडकी न राहता भिंतीवरची एक वस्तू व्हावे. त्यामुळे मोंद्रियानची प्रत रुंद, नक्षीदार पट्टीत बसवून मागणाऱ्या माणसाला मी नेहमी थांबवतो आणि साधी, अरुंद, सपाट पट्टी दाखवतो.

काचेविषयी. साधी काच अतिनील किरणांचा लांब लहरींचा मोठा भाग आत सोडते. अतिनील किरण रोखणारी काच त्यांतले 97 ते 99 टक्के अडवते. ॲक्रिलिक हलके असते, फुटत नाही, मुलांच्या खोलीत चांगले; पण त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि ते धूळ ओढते. प्रतिबिंब न पडणारी काच परवडत असेल तर गडद चित्राला ती जरूर घ्यावी, नाहीतर काळ्या भागात आपलाच चेहरा दिसत राहतो. बारीक दाणेदार, धुरकट ‘मॅट’ काच मात्र घेऊ नका. ती माउंटमुळे कागदापासून दूर राहते आणि सगळे चित्र धुक्यात गेल्यासारखे होते.

निळाई

चौकट, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरी एका जुन्या फ्रेमची तिरपी कड आत्ता पाहून आले. तपकिरी आहे. ती फ्रेम ज्यांच्याकडून करून घेतली होती त्यांनी बोर्ड उत्तम प्रतीचा असल्याचे खात्रीने सांगितले होते, आणि मी काही न विचारता मान डोलावली होती.

उन्हाचा प्रश्न अजून बाकी आहे. अतिनील किरण अडवणारी काच लावली की ती भिंत चालेल का?

सावली

नाही. काच अतिनील अडवते, पण रंग विटवण्याचे काम दृश्य प्रकाशही करतो. कागदावरच्या कामासाठी संग्रहालये साधारण 50 लक्स (लक्स हे उजेडाचे माप) एवढाच मंद उजेड ठेवतात. थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर त्याच्या कैक पटींनी अधिक असतो. रंगद्रव्याची शाई तिथेही काही वर्षे तग धरेल, पण सगळ्या शाया एका वेगाने विटत नाहीत, आणि खरा घात तिथे होतो. चित्र फिके झाले तर लक्षात येते. चित्राचा तोल बदलला तर येत नाही.

रोथ्कोंची गोष्ट इथे सांगायला हवी. त्यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली पाच मोठी चित्रे 1964मध्ये एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात लावली गेली. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. त्यांनी वापरलेल्या रंगांत लिथॉल रेड हा उजेडाला फार कच्चा लाल होता. तो उडत गेला आणि गडद किरमिजी जागा निळसर होत गेल्या. 1979पर्यंत चित्रे उतरवून कोठारात ठेवावी लागली. पुढे 2014मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा त्यांच्यावर रंग चढवला नाही. जिथे जितका रंग उडाला तिथे तितक्याच रंगाचा प्रकाश प्रोजेक्टरने टाकून मूळ रूप डोळ्यांपुरते परत आणले. प्रोजेक्टर बंद केला की विटलेले चित्र समोर येत असे.

व्हॅन गॉग यांच्या शयनगृहाच्या चित्राचेही तसेच आहे. 1888च्या पत्रात ते भिंती फिक्या जांभळ्या असल्याचे लिहितात. आज त्या निळ्या दिसतात, कारण त्यातला लाल उडाला. त्यामुळे त्या चित्राची अत्यंत विश्वासू प्रत घेतली तरी ती त्यांनी रंगवलेल्या खोलीची प्रत नसते, आजच्या कॅनव्हासची असते. मला ही गोष्ट दर वेळी हलवून जाते.

तेव्हा ऊन येणाऱ्या भिंतीवर काही लावू नका, किंवा तिथे पडदा लावा. शेजारची काटकोनातली भिंत मोकळी असेल तर ती निवडा. वरून दिवा सोडणार असाल तर रंग नीट दाखवणारा, म्हणजे रंगदर्शकांक 90च्या वर असलेला एलईडी घ्या.

ठिपका

फाइल कुठून मिळवायची याबद्दल दोन वाक्ये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017मध्ये आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने 2018मध्ये आपल्याकडच्या, हक्कमुक्त झालेल्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा सर्वांना मोफत खुल्या केल्या. तिथून फाइल घेऊन चांगल्या छपाईकाराकडून छापून घेता येते, आणि कापाकापीचा प्रश्नच राहत नाही. हक्काची मुदत बऱ्याच देशांत चित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षे आहे, काही देशांत 60. क्ले 1940मध्ये गेले, मोंद्रियान आणि कान्दिन्स्की 1944मध्ये. पण रोथ्को 1970मध्ये, पिकासो 1973मध्ये आणि दाली 1989मध्ये गेले. या शेवटच्या तिघांची प्रत अधिकृत परवान्याने छापलेली आहे ना, हे विचारूनच घ्यावी.

छपाईकाराकडून आधी तळहाताएवढा नमुना छापून घ्या आणि तो ज्या भिंतीवर चित्र लावणार तिथे सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. दुकानातल्या उजेडात जुळलेले दोन रंग घरातल्या दिव्याखाली वेगळे दिसतात, हे मी ग्राहकांना सांगून सांगून थकलो, पण नमुना पाहिल्यावर एकालाही दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

ओसरी

माप आणि माध्यमाबद्दल मी माझे मत थोडे बदलले आहे, तेवढे नोंदवतो. मातिस यांच्या निराशेची गोष्ट मला माहीत नव्हती.

टांगण्याबद्दल माझा अनुभव असा की घरात चित्रे नेहमी फार वर लावली जातात. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंमीवर येईल असे पाहावे. सोफ्यावर असेल तर आणखी थोडे खाली, सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत वीतभर अंतर ठेवून. एका खिळ्यावर टांगलेली फ्रेम दार आपटले की तिरपी होते, म्हणून दोन हूक घ्यावेत आणि पाणसळ ठेवून पाहावे. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागे रबराच्या गोळ्या लावाव्यात. फ्रेम भिंतीपासून जरा सुटी राहते आणि मागे हवा खेळते.

आणि अमूर्त चित्र असेल तर वरची बाजू कोणती हे प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. 1961मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मातिस यांचे होडी आणि पाण्यातले तिचे प्रतिबिंब असलेले कागदकाम 47 दिवस उलटे टांगलेले होते. त्या काळात एक लाखाहून अधिक माणसे तिथून गेली, आणि शेवटी एका प्रेक्षक बाईंच्या लक्षात आले.

निळाई

सगळ्यांच्या सूचना वाचून काय केले ते लिहिते.

दीड मीटरची प्रत उतरवली. तिच्यामागच्या भिंतीचा रंग बाकी भिंतीपेक्षा स्पष्टपणे गडद राहिला आहे. चार वर्षांच्या उन्हाने भिंत विटली आणि कॅनव्हासखालचा आयत तसाच राहिला, हे पाहिल्यावर त्या भिंतीवर दुसरे काही लावण्याचा विचार सोडून दिला.

काटकोनातल्या भिंतीसाठी ‘सेनेसिओ’ निवडला. मोंद्रियानही मनात होते, पण तीन ठिकाणच्या फाइलींमध्ये पांढरा भाग मोठा करून पाहिला आणि एकाही ठिकाणी फटकारे दिसले नाहीत. क्लेची प्रत मूळ मापात, सुती कागदावर छापून घेतली. छपाईकाराने पहिला नमुना दिला तो दिवसा अगदी बरोबर वाटला, पण रात्री आमच्या दिव्याखाली गालांवरचे नारिंगी विटकरी होत होते. दिवा बदलला आणि ते परत आले. शाईला दोष देण्याच्या बेतात होते, त्या आधी ठिपका यांचे वाक्य आठवले, हे बरे झाले.

प्रत काल रात्री जेवणाच्या टेबलावर पसरून सगळ्यांनी पाहिली. दोन्ही डोळे लाल आहेत आणि एका डोळ्यावरची भुवई म्हणजे चक्क एक पांढरा त्रिकोण आहे, हे आम्ही इतकी वर्षे पुस्तकांत पाहूनही धड पाहिले नव्हते. जवळ आल्यावर चौकोनांच्या कडा पूर्ण सरळ नाहीत, एक रंग दुसऱ्यात जरासा शिरलेला आहे, हेही दिसले. माझी मुलगी हनुवटी टेबलाला टेकवून बराच वेळ तशीच बसली होती.

चौकट, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माउंटसाठी दोन पांढरे नमुने आणले आहेत, एक प्रतीच्या कागदाहून किंचित गडद आणि एक त्याहून थोडा राखाडीकडे झुकणारा. राखाडीशेजारी नारिंगी जास्त उठून दिसते, पण चित्र जरा गार वाटते. आणि पट्टी फिक्या लाकडाची, दोन सेंमी रुंद घेतली तर बारा सेंमीच्या माउंटपुढे ती फार बारीक दिसेल का? फ्रेम सोमवारी करायला टाकायची आहे.

चौकट

पहिला नमुना घ्या. राखाडी माउंट दुकानात आकर्षक दिसतो, कारण तो रंगांना पुढे ढकलतो; पण क्लेचे रंग एकमेकांत मिसळलेलेच राहिले पाहिजेत. दोन सेंमी पट्टी पुरेशी आहे, फक्त तिची खोली तीन सेंमीच्या आसपास असू द्या, म्हणजे काच, माउंट, प्रत आणि मागचा पुठ्ठा आत नीट बसतील आणि मागून काहीही फुगणार नाही. सोमवारी देताना फ्रेम करणाऱ्याला सांगा की पाठ बंद करण्यापूर्वी मला बोलवा. बिजागऱ्या वरच्या काठालाच लावल्या आहेत ना, हे स्वतः पाहा, आणि काचेच्या आत धुळीचा कण राहिला असेल तर तेव्हाच दाखवा.